बुवांची काळी पाच

बुवा, काल तुमच्या घरापुढच्या खळ्यात आम्ही भजन केलं. तुमच्या तेराव्याचं. मंडळातली सगळी माणसं आली होती. तुमच्या पेटीपुढे मला बसवलं, त्यामुळे रिकामी राहिली ती कोरसातली माझी जागा. तिथे कोणी सरकलं नाही. ते भजन कसं झालं हे तुम्हाला सांगायला बसलो आहे.

पण त्याआधी एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती तुम्ही असताना सांगायला हवी होती. ते घडल्यावरही तीन वर्षं दर गुरुवारी तालमीला आपण समोरासमोर बसत होतो. तुम्ही मला मुको म्हणायचात. ‘कोरसात बसान मुको रवणारो तू एकलोच रे दिग्या.’ सगळे हसायचे, मीही हसायचो. गप्प राहण्याची सवय ही मोठी सोय असते, बुवा. माणूस बोलत नाही म्हणजे त्याच्या पोटात काही नाही, असं लोक धरून चालतात.

मी तुमची काळी पाच चोरली. लिहून टाकलं एकदाचं.

काळी पाच म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, पण हे उद्या आणखी कोणी वाचेल म्हणून लिहितो. पेटीच्या एका सप्तकात पाच काळ्या पट्ट्या. त्यातली शेवटची, सगळ्यात उंच, ती काळी पाच. तिला सा धरून गायला बसलं की वरच्या ओळी नुसत्या गळ्याने निघत नाहीत, बेंबीपासून फेकाव्या लागतात. आपल्याकडचे बहुतेक बुवा तिच्या खालीच बसतात. तुम्ही जन्मभर काळी पाचला बसलात. सकाळी रापणीचा, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढून आलेला माणूस संध्याकाळी देवळात मांडी घालून बसायचा, भात्यावर हात ठेवायचा, आणि पहिला सूर लागला की बाहेर चपला काढणारी माणसं चपलेत पाय तसाच ठेवून थांबायची.

वीस वर्षांपूर्वी मी मंडळात आलो तो गाण्यासाठी नव्हे. मी मोटारी वाइंड करणारा. तुमच्या पेटीचे रीड खाऱ्या हवेने गंजले म्हणून तुम्ही मला बोलावलंत. काम झाल्यावर पैसे विचारलेत, मी नको म्हणालो. तुम्ही म्हणालात, ‘मगे गुरवारी कोरसात येवन बस.’ मी म्हणालो, माका सूर येणत नाय. ‘येणत नाय? बरा. मगे आधी ऐकूक शीक.’ दोन वर्षं मी नुसता ऐकत होतो. इतका वेळ मला कोणीही कधी दिला नव्हता. माझ्या वडिलांनीसुद्धा नाही. त्यानंतर पेटी माझ्याच घरी राहू लागली, कारण तुमचं घर खाडीला लागून, तिथे दमट. तुमची पेटी माझ्या कपाटात असे, आणि किल्ली माझ्या करगोट्याला.

तुम्ही आम्हाला गाणं शिकवलंत ते रापणीच्या भाषेत. ‘कोरस म्हणजे रापण रे. एकट्यान जोर केल्यान तर दोर तुटता. सगळ्यांनी मिळान ओढल्यानी तर दर्या हातात येता.’ नंदूला पखवाज शिकवलात तो उपड्या होडीच्या फळीवर, कारण तेव्हा मंडळाकडे पखवाज नव्हता. आणि एक नियम तुम्ही आम्हाला पहिल्याच महिन्यात घालून दिलात. ‘बुवाचो आवाज फुटलो तर कोरसान बुवाच्या तोंडाकडे बघूचा नाय. सूर उचलूचो. जाळा फाटला म्हणान कोण दोर सोडता?’

त्या नियमाची गरज तुम्हाला कधी पडेल असं आमच्यातल्या कोणालाच वाटलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वीची ती डबलबारी, दोन बुवांचा भजनाचा सामना. समोर दुसऱ्या गावचे बुवा, वयाने तुमच्या निम्मे. गजराच्या, भजनाच्या चढत जाणाऱ्या भागाच्या, वरच्या ओळीला तुमचा आवाज फुटला. आम्ही तुमच्या तोंडाकडे बघितलं नाही, सूर उचलला, बारी पुरी केली. पण समोरच्या बुवांनी आपली बारी सुरू करताना माइक ओढून घेतला आणि म्हणाले, ‘आमच्या बुवांचे केस पांढरे झाले तरी पट्टी काळीच. वयस्कर माणसान आता पांढरी बघूची.’ मांडव हसला. तुम्हीही हसलात. परतीच्या टेम्पोत मात्र तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत, आणि अनंत, जो झांज वाजवताना सुद्धा गप्प बसत नाही, तोसुद्धा गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या बुवांना टोपलीभर बांगडे पाठवलेत. सोबत निरोप, ‘पट्टी काळी आसली तरी मन पांढरा आसा.’ ते बुवा पुढे तुमच्या पाया पडायला आले. तुमच्या अंत्ययात्रेलाही आले होते. हे तुमचं मला कधीच जमणार नाही. मी असतो तर निरोप पाठवला असता, बांगडे नाही.

त्यानंतरच्या तालमीला मी तुम्हाला विचारलं होतं. आठवतं? सगळे गेल्यावर. ‘बुवा, अर्धी पट्टी खाली घेतलात तर?’ तुम्ही पेटीचं झाकण लावत होतात. वर न बघता म्हणालात, ‘ओहोटी लागली म्हणान कोण घर खाली सरकवता रे?’

 याचं उत्तर मला तीन दिवसांनी एका पंपाची मोटार उघडून बसलो असताना सुचलं. घर कोणी सरकवत नाही, बुवा, पण होडी सरकवतात. ओहोटीला होडी खाली नेली नाही तर ती वाळूत बसते. हे उत्तर घेऊन तुमच्याकडे यायला हवं होतं. तुम्ही त्याच्यावरही काहीतरी म्हणाला असतात, मी पुन्हा चार दिवस विचार केला असता, आणि असं भांडत भांडत आपण कुठेतरी पोचलो असतो. पण बोलणं हे माझं काम नव्हे असं मी ठरवून टाकलं होतं. उत्तर सांगण्याऐवजी मी पेटी सरकवली.

तुमची पेटी स्केलचेंजर. कळ उचलली की पट्ट्यांचा अख्खा सांगाडा एकेक घर सरकतो. बोटं जिथे पडायची तिथेच पडतात, सूर मात्र वर किंवा खाली जातो. मी तो एक घर खाली आणला. बोट काळी पाचवर, आवाज तिच्या लगेच खालच्या पांढरी सहाचा. त्या बुवांनी मांडवात केलेली कोटी मी तुमच्या पेटीत खरी केली, तुम्हाला न विचारता. सांगाडा सरकला की कडेला फट दिसते. ती दिसू नये म्हणून सागवानाची बारीक पट्टी तासली, पॉलिश केली आणि दोन बारीक स्क्रूंनी बसवली. पट्टी लपवायला पट्टी. काम इतकं सफाईदार झालं होतं की मी ते चार वेळा बोट फिरवून बघितलं.

त्या गुरुवारी तुमचा आवाज फुटला नाही. तालीम संपल्यावर तुम्ही तांब्यातलं पाणी प्यायलात आणि म्हणालात, ‘आज गळो बरो आसा.’ काकी, तुमच्या पत्नी, दारात उभ्या होत्या, त्यांच्या तोंडावर मी समाधान बघितलं. मी घरी गेलो तो पुण्य करून आल्यासारखा.

गोष्ट इथपर्यंतच असती तर मी ती कधीतरी हसत हसत तुम्हाला सांगितली असती, तुम्ही मला चार शिव्या घातल्या असत्या आणि आपण मोकळे झालो असतो.

माझा गळा जन्माचा अर्धा सूर कमी. गजराच्या वरच्या ओळीला मी वर्षानुवर्षं नुसतं तोंड उघडत होतो. हे तुम्हाला ठाऊक होतं. कोरसात कोणाच्या तोंडातून सूर येतो आणि कोणाच्या नुसती हवा, हे तुम्हाला पाठमोरं बसूनही कळायचं. पेटी एक घर खाली आल्यावर काही महिन्यांनी एका गुरुवारी माझा आवाज त्या ओळीत बाहेर पडला. मीच दचकलो. तुमचा भात्यावरचा हात थांबला.

‘कोण तो? मुको?’

अनंतने माझ्याकडे बोट केलं.

‘परत म्हण.’

मी परत म्हटलं. तुम्ही पेटीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघत राहिलात, मग म्हणालात, ‘ही ओळ आतापासून ह्येची.’ अनंत म्हणाला, ‘मुक्याक वाचा फुटली. आता ह्येका गप करूक कोणाक नवस बोलूचो?’ त्या दिवशी सगळ्यात जास्त तुम्ही हसलात. स्वतःची ओळ दुसऱ्याला देऊन इतका आनंदाने हसणारा बुवा मी दुसरा पाहिला नाही.

मग वाडीत झालं, दिगूचो आवाज सुटलो. माझ्या बायकोने ते नळावर ऐकलं आणि घरी येऊन न मागता चहा दिला. पन्नाशीला आलेल्या माणसाला कौतुकाची चव लागली की ती फार वाईट लागते, बुवा. लहानपणी लागली तर माणूस ती पचवायला शिकतो. मी दर गुरुवारी त्या ओळीची वाट बघू लागलो. पेटी तुमच्यासाठी सरकवली होती हे खरं. ती सरकवलेलीच राहिली ती माझ्यासाठी, हेही तितकंच खरं.

मग तुम्ही तंबाखू सोडलीत. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सोडलीत असं सगळ्यांना सांगत होतात. सप्त्याला दहा दिवस असताना मी सकाळी एका होडीचं इंजिन बघायला किनाऱ्यावर गेलो होतो. तुम्ही रापणीच्या होडीच्या आडोशाला समुद्राकडे तोंड करून उभे होतात आणि गजर म्हणत होतात. पेटी नाही, पखवाज नाही. मी दोन होड्या सोडून थांबलो. माझ्या मोबाइलमध्ये पेटीचे सूर देणारी सोय आहे, ती कानाला लावून ताडून बघितलं.

काळी पाच होती. खरी.

वरच्या ओळीला गेलात, फुटला नाहीत. एक लाट येऊन फुटून परत जाईपर्यंत तुम्ही तो सूर धरलात. तुम्ही तंबाखू कशासाठी सोडली ते मला तेव्हा कळलं. मला हाक मारता आली असती. मी इंजिन न बघता वाळूतून मागच्या मागे निघून आलो.

त्या दिवशी कपाट उघडलं. दोन स्क्रू, एक कळ, दोन मिनिटांचं काम. स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि परत ठेवला. दुसऱ्या दिवशीही घेतला आणि ठेवला. पेटी जाग्यावर गेली असती तर तुम्हाला तुमची उंची मिळाली असती आणि मला परत नुसतं तोंड उघडावं लागलं असतं. रेडीहून माझा मेव्हणा मला ऐकायला येणार होता. बायकोने त्याला आधीच कळवलं होतं. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी, बुवा. लिहिताना लाज वाटते, पण याहून मोठं कारण नव्हतं. शोधलं, सापडलं नाही.

सप्त्यात आपल्या वाडीची पाळी दुपारची. देऊळ भरलं होतं. तुम्ही नवा सदरा घातला होतात. पेटीपुढे बसलात, काळी पाचवर बोट ठेवलंत, पण भाता ओढला नाहीत. मान वळवून माझ्याकडे बघितलंत.

‘दिग्या, पट्टी जाग्यार आसा मां?’

वीस वर्षांत तुम्ही मला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. पेटी माझ्याकडे असते आणि ती नीट असते, हे तुम्ही धरूनच चालायचात.

‘आसा, बुवा,’ मी म्हणालो. देवासमोर, हातात झांज घेऊन.

‘बरा,’ तुम्ही म्हणालात आणि भाता ओढलात.

तुम्ही सुंदर गायलात. गजर चढला, माझी ओळ आली, मी म्हटली, देवळात माना डोलल्या, मेव्हण्याने बाहेरून हात वर केला. संपल्यावर तुम्ही घाम पुसत माझ्या खांद्यावर हात ठेवलात. ‘बरो गायलंस.’ एवढंच. एरवी तुम्ही मागून मुको जोडायचात. त्या दिवशी जोडला नाहीत.

दीड महिन्याने तुम्ही गेलात. तुमचा गळा परत आला होता, आणि तो ऐकला फक्त मी, तोही होडीमागे लपून. गावासमोर काळी पाच परत लावायची म्हणून म्हातारपणी ज्याने तंबाखू सोडली, त्याला मी पांढरी सहात गायला लावून पाठवलं. तुमच्या उपकारांची ही फेड. तेरा दिवस मी तुमच्या घरी येत होतो, लाकडं आणली, माणसांना पाणी दिलं, काकींच्या समोर मात्र मान वर करून बसलो नाही.

आता कालचं.

संध्याकाळी खळ्यात घोंगड्या पसरल्या. पेटी मी आणली होती. नंदू म्हणाला, ‘दिगू, तूच बस. बुवांची ओळ तुझ्याकडेच आसा.’ सगळ्यांनी माना हलवल्या. मी बसलो. नंदूने पखवाज मांडीवर घेतला, हातोडी काढली, आणि सूर दे म्हणाला.

मी सूर दिला नाही. म्हणालो, ‘जरा थांब.’ आणि सांगितलं. तुम्हाला आत्ता सांगितलं तसंच. होडीमागचं, मेव्हण्याचं, सगळं.  मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, दोन स्क्रू सोडवले, सागवानाची पट्टी काढून घोंगडीवर ठेवली. फट सगळ्यांना दिसली.

 पहिला अनंत बोलला. ‘मेल्या, वीस वर्सांनी तोंड उघडलंस, ता ह्या सांगूक?’ पण त्याच्या आवाजात नेहमीची धार नव्हती.

नंदू हातोडीकडे बघत होता. ‘माका काय ठावक नाय?’ तो म्हणाला. ‘तीन वर्सा पखवाज एक घर खाली कोण लावी होतो? पेटी सूर देतली तसो मी लावतंय. माका वाटला बुवांनीच तुका सांगितल्यानी, आणि आमच्यापासून लपवतत. म्हणान मी गप रवलंय.’

‘माका सांगूक होया होता,’ अनंत म्हणाला.

‘तुका सांगितलंय तर सगळ्या बाजारात झाला असता.’ मग नंदू माझ्याकडे वळला. ‘आणि एक सांगतंय, दिगू. पखवाज केसभर उतारलो तरी बुवा माझ्यार वरडत. माझ्या बापाशीचा नाव काढीत. आणि आख्खा एक घर उतारला, तेवा तीन वर्सांत माका एक शबुद विचारूक नाय.’

तेव्हापासून मी त्या वाक्याभोवती फिरतो आहे. ठाऊक नसतं तर काळी पाच परत मिळवायला तुम्ही तंबाखू कशाला सोडली असती, हेही मनात येतं. तुम्हाला ठाऊक होतं असं धरलं तर माझं ओझं निम्मं होतं. म्हणूनच ते धरायला मी धजत नाही. आणि ठाऊक असलं, तर सप्त्याच्या दुपारी तुम्ही मला पेटीबद्दल विचारतच नव्हता. तुम्ही मला एक दार उघडून दिलं होतं, आणि मी ते लावून घेतलं. दोन्हीतलं कोणतं जास्त वाईट, हे सांगणारे तुम्हीच होतात.

मी कळ उचलली, सांगाडा वर सरकवला. खट् असा आवाज झाला आणि तो आपल्या घरात बसला. काळी पाचचा सूर दिला. नंदूने हातोडीने पखवाज चढवला, त्याला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात कोणी उठलं नाही. मला वाटलं होतं, दोघे-तिघे तरी उठतील.

मग गजर. पहिल्या ओळी मी निभावल्या. वरची ओळ येताना दिसत होती, समुद्रावरची मोठी लाट लांबून दिसते तशी. आपल्याला जमणार नाही हे मला ठाऊक होतं, तरी मी तोंड उघडलं आणि नुसती हवा सोडली नाही. सूर फेकला. अर्ध्यावर माझा आवाज फुटला, चांगला मोठ्याने, दारातल्या बायकांना ऐकू जाईल असा.

बुवा, कोणी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. अनंतने डोळे मिटले, नंदूची थाप चुकली नाही, आणि सगळ्यांनी मिळून तो सूर उचलला. तुमच्याइतका वर नेला. त्यात माझा आवाज नव्हता, पण दोर माझ्याही हातात होता.

भजन संपलं, माणसं उठली. मी पेटी पुसत होतो. ती घरी न्यायची की इथेच ठेवायची, हे ठरत नव्हतं. काकी दारातून उतरून आल्या आणि घोंगडीच्या कडेला बसल्या. तिथे पडलेली सागवानाची पट्टी त्यांनी उचलली, उलटसुलट करून बघितली, माझ्या हातात दिली. मग पेटीच्या झाकणावर हात ठेवला.

‘पट्टी जाग्यार आसा मां रे दिगू?’

शब्दाला शब्द तुमचाच प्रश्न. तो त्यांनी मघाशी माझ्या तोंडून उचलला की तुम्हीच कधी घरी बोलला होतात, हे मी विचारलं नाही.

‘आता आसा, काकी,’ मी म्हणालो.